छप्पन्न दिवसांचे सोयाबीन

गोणपाटाची वळकटी उलगडली तेव्हा ओलसर, किंचित आंबूस वास ओसरीभर पसरला. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात, आमच्या यजमान शेतकऱ्याच्या घरी आम्ही सहा जणी त्या वळकटीभोवती बसलो होतो आणि सात दिवसांपूर्वी दहा-दहाच्या दहा ओळींत मांडलेले सोयाबीनचे शंभर दाणे मोजत होतो. २०१४ च्या जुलैचा पहिला पंधरवडा होता. त्या जूनमध्ये पावसाने ओढ दिल्यामुळे पेरण्या खोळंबल्या होत्या, घरोघरचे बियाणे पोत्यांतच पडून होते आणि गावातली माणसे दिवसातून चार वेळा पश्चिमेकडे बघत होती. बी.एस्सी. कृषीच्या सातव्या सत्रात ग्रामीण कार्यानुभवासाठी आम्ही गावात आलो होतो आणि उगवणक्षमता चाचणी हे आमचे पहिले प्रात्यक्षिक होते. मोड आलेले दाणे मी मोजले, वहीत चौऱ्याहत्तर हा आकडा लिहिला आणि यजमान काकांना सांगितले की उगवण सत्तर टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा एकरी तीस किलो बी पुरेल.

काका काही बोलले नाहीत. ते खाली वाकले आणि मी मोजलेल्या दाण्यांमधून एकेक करून आठ दाणे त्यांनी बाजूला काढले. मोड त्या आठांनाही आला होता. परंतु कुणाची डाळ अर्धी तुटलेली होती, कुणाचा कोंब पिळवटलेला होता, तर एकाचे मूळ जाड होऊन तिथेच थांबले होते. "ह्याला मोड आलाय खरं, पण हे वर येणार नाही," ते म्हणाले. "वरची माती उचलायचा जोर ह्याच्यात नाही." सर्वसाधारण रोप आणि विकृत रोप हा भेद बीजपरीक्षणाच्या पुस्तकात मी वाचला होता आणि परीक्षेत तो व्यवस्थित लिहिलाही होता. तरीही प्रत्यक्ष गोणपाटावर मी फक्त मोड पाहिला, रोप पाहिले नाही. चौऱ्याहत्तरचे सहासष्ट झाले. सत्तर टक्क्यांना तीस किलो, तर सहासष्ट टक्क्यांना किती, हा हिशेब आम्ही तिथेच मांडला आणि एकरी जवळजवळ दोन किलो बी वाढवायचे ठरले. पाच एकरांवर हे नऊ किलो होतात. माझा आकडा तसाच राहिला असता, तर त्या नऊ किलोंची जागा रानात रिकामी दिसली असती.

कृषी शिक्षणाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. आम्ही सगळे ज्याला 'रावे' म्हणतो, तो ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रम हा कृषी पदवीच्या चौथ्या वर्षाचा अविभाज्य भाग आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने १९९२ मध्ये त्याची शिफारस केली. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांच्या महाविद्यालयांतून मुले-मुली दर पावसाळ्यात गावांमध्ये जातात. मुलांना कृषिदूत म्हणतात आणि मुलींना कृषिकन्या. २५ जुलै २०१५ रोजी पाटण्यात पंतप्रधानांच्या हस्ते 'स्टुडंट रेडी' या योजनेचा प्रारंभ झाला आणि तेव्हापासून हा कार्यानुभव त्या योजनेखाली येतो. पूर्ण सत्राचे वीस श्रेयांक (क्रेडिट) केवळ या कामाला असतात. अन्य शाखांमध्ये आंतरवासितेची (इंटर्नशिपची) चर्चा आता कुठे घरोघरी पोहोचते आहे, पण कृषीच्या विद्यार्थ्यांनी गेली तीन दशके ती गावांत राहून केली आहे आणि तिचे जे बरेवाईट अनुभव साठले आहेत, ते इतरांनीही पाहावेत असे मला मनापासून वाटते.

आज मी एका कृषी महाविद्यालयात शिकवते आणि दरवर्षी एका तुकडीची कार्यक्रम अधिकारी म्हणून काम पाहते. त्यामुळे हा कार्यक्रम मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, आणि त्याच्याविषयी माझे एकच मोठे म्हणणे आहे, ते काळाविषयीचे आहे. विद्यार्थी गावात काय करतो याच्याइतकेच तो तिथे किती दिवस राहतो आणि कोणत्या दिवसांत राहतो, याला महत्त्व आहे. आमच्या वेळी आमचे महाविद्यालय आम्हाला सुगीपर्यंत गावात ठेवत असे. त्यामुळे पेरणीपासून मळणीपर्यंतचे एक पूर्ण पीक आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि त्या जुलैतल्या आठ दाण्यांचा उलगडा मला ऑक्टोबरमध्ये झाला. तो प्रसंग पुढे सांगते.

पाऊस जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय, म्हणजे पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नये, हे आम्ही बैठकीत सांगितले होते आणि ज्यांच्याकडे बियाण्याला दुसरा पर्याय नव्हता त्यांनी ते ऐकलेही. पेरणीच्या आदल्या संध्याकाळी काकांच्या अंगणात ताडपत्री पसरून बीजप्रक्रिया केली. आधी बुरशीनाशक, ते सुकल्यावर रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, आणि मग बी सावलीत वाळवणे, असा क्रम असतो. तो उलटला तर बुरशीनाशकामुळे जिवाणूंचे नुकसान होते. गुळाच्या पाण्यात कालवलेले ते काळसर संवर्धक काकूंनी दाण्यांवर इतक्या हलक्या हाताने चोळले की एकाही दाण्याचे साल निघाले नाही. आम्ही चोळले तेव्हा साले निघत होती. सोयाबीनचे टरफल किती नाजूक असते हे वर्गात सांगणे सोपे आहे, पण ते हाताला कळायला असा दाणा तळव्याखाली सोलला जावा लागतो.

गावाचा नकाशा काढण्याचे काम मारुतीच्या पारासमोर झाले. सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन असे त्याचे भारदस्त नाव आहे. रांगोळी, गुलाल, हळद, विटकरीची पूड आणि कोळसा घेऊन गावकऱ्यांनी स्वतः जमिनीवर आपले गाव रेखाटायचे आणि विद्यार्थ्यांनी ते टिपून घ्यायचे, अशी त्याची पद्धत असते. पारावर पुरुषमंडळीच जमली होती. त्यांनी रस्ते, शिवार, ग्रामपंचायत, शाळा आणि दूध संकलन केंद्र अचूक दाखवले. दुसऱ्या दिवशी काकूंच्या अंगणात बायकांनी नकाशा काढला, तेव्हा त्यात दोन आटलेले हातपंप आले, ओढ्याकडे जाणारी बाभळीतली वाट आली, आणि सरपण कोणत्या बांधावरून आणता येते व कोणत्या बांधावर मालक अडवतो हेही आले. एकाच गावाचे ते दोन नकाशे माझ्या वहीत शेजारी शेजारी चिकटवलेले आहेत. अहवालात मात्र पारावरचाच नकाशा गेला, कारण त्याच्या छायाचित्रात सरपंच, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक होते.

छायाचित्रांचा हा विषय मला सोडून देता येत नाही. प्रात्यक्षिकांची यादी ठरलेली असते, प्रत्येक प्रात्यक्षिकाचा फलक हवा असतो, फलकामागे शेतकरी उभे हवेत, आणि शक्य झाल्यास स्थानिक वर्तमानपत्रात 'कृषिकन्यांनी केले मार्गदर्शन' अशी बातमीही हवी असते. आमच्या गावात सोयाबीन, तूर, कापूस आणि थोडी ज्वारी एवढीच पिके होती, पण फळझाडांवरच्या बुरशीसाठीचे बोर्डो मिश्रण यादीत होते, म्हणून आम्ही ते केले. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी या प्रमाणाचा दहावा हिस्सा प्लास्टिकच्या बादल्यांत कालवला, लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढत नाही ना हे पाहिले आणि गावातल्या एकुलत्या एका लिंबाच्या झाडासमोर उभे राहून छायाचित्र काढले. मिश्रण उत्तम झाले होते. ते कुणालाही नको होते. आज माझ्यासमोर मूल्यमापनासाठी जे अहवाल येतात, त्यांत असे झाड आणि अशी बादली मला दरवर्षी दिसते, आणि गुण देताना माझा हात अडखळतो. विद्यार्थ्याने खोटे काही केलेले नसते, आम्ही मागितले तेच त्याने दिलेले असते.

ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडला. पीक पंचवीस-सव्वीस दिवसांचे होते, पाने दुपारी मलूल होऊन मिटायला लागली होती, आणि एका संध्याकाळी जेवताना काकांनी विचारले, "आता काय करावं, सांगा बरं." आम्ही आनंदाने सांगितले की पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे तेरा-शून्य-पंचेचाळीसची एक टक्क्याची फवारणी करा, दहा लिटरच्या पंपाला शंभर ग्रॅम. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: पाच एकरांना किती पंप लागतील आणि त्याचे पैसे किती होतील? मात्रा आम्हाला तोंडपाठ होती; किंमत आम्हा सहा जणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हती. त्या कुटुंबाने खते-बियाण्यासाठी कृषी सेवा केंद्रात उधारी केली होती, तिच्यावर आणखी भर घालायची की नाही हा निर्णय त्यांना त्या ताटावर घ्यायचा होता आणि आमच्या उत्तरात त्या निर्णयाचा अर्धा भागच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या गावी जाऊन तीन दुकानांत भाव विचारून आले. मग काकांनी ठरवले ते असे: उताराच्या दोन एकरांवर, जिथे जमीन हलकी होती, तिथे फवारणी करायची आणि उरलेल्या तीन एकरांत फुले लागण्याच्या आत आणखी एक कोळपणी उरकून घ्यायची. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे ते म्हणत. कोळप्याने वरची माती मोकळी झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही, हे शास्त्र त्या चार शब्दांत आहे.

त्या दिवसापासून मी कुठलीही शिफारस लिहिताना तिच्यापुढे एकरी खर्च लिहिते. माझ्या विद्यार्थ्यांनाही ती सवय लागावी म्हणून मी आग्रह धरते आणि त्यांच्या रोजनिशीत तो रकाना रिकामा असेल तर वही परत पाठवते.

आता काळाच्या मुद्द्याकडे येते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीने या सत्राचे वीस आठवडे असे वाटून दिले: एक आठवडा महाविद्यालयात उद्बोधन, आठ आठवडे गाव, पाच आठवडे विद्यापीठाच्या, कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा संशोधन केंद्राच्या विभागात, दोन आठवडे पीक चिकित्सालय, तीन आठवडे कृषी उद्योग, आणि शेवटचा आठवडा अहवाल व सादरीकरणाचा. या प्रत्येक भागाची उपयुक्तता मी मान्य करते. कृषी उद्योगातल्या तीन आठवड्यांतून नोकरीचा धागा सापडलेले विद्यार्थी माझ्या ओळखीचे आहेत. तरीही आठ आठवडे म्हणजे छप्पन्न दिवस. मराठवाड्यात वर्षानुवर्षे पेरला गेलेला सोयाबीनचा जेएस ३३५ हा वाण पक्व व्हायला साधारण पंच्याण्णव ते शंभर दिवस घेतो. म्हणजे विद्यार्थी गावात पोहोचला त्याच दिवशी पेरणी झाली असे धरले, तरी तो निघतो तेव्हा झाडाला कोवळ्या शेंगा लागलेल्या असतात आणि दाणा भरायचा असतो. पीक शेतकऱ्याला काही देणार की नाही, हे ज्या दिवसांत ठरते, नेमक्या त्याच दिवसांत आमची मुले दुसऱ्या विभागाच्या हजेरीपटावर सही करत असतात. तूर आणि कपाशी तर तोवर धड फुलावरही आलेली नसतात.

इतर शाखांतही आता हाच प्रश्न येणार आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला, वाणिज्य आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही कार्यप्रशिक्षण करावे लागते; चार श्रेयांकांचे, म्हणजे एकशे वीस तासांचे. वाणिज्यची मुलगी एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात महिनाभर पावत्यांच्या नोंदी करील, पण तिने केलेल्या एका चुकीच्या नोंदीमुळे मार्चअखेरीस ताळेबंद जुळत नाही, तेव्हा ती तिथे असणार आहे का? तास मोजणे सोपे असते आणि विद्यापीठाला काहीतरी मोजावेच लागते, हे मला कळते. माझे म्हणणे इतकेच की आंतरवासितेची लांबी ठरवताना त्या त्या कामाचा स्वतःचा काळ किती आहे, हे आधी त्या कामात असलेल्या माणसांना विचारावे.

आमच्या महाविद्यालयात मी हे दोन वेळा लेखी मांडले. गावातले आठ आठवडे सलग न ठेवता सहा आठवडे पेरणीच्या हंगामात आणि दोन आठवडे काढणीच्या वेळी ठेवावेत, आणि मधल्या काळात बाकीचे विभाग पूर्ण करावेत, अशी माझी सूचना होती. अडचणी सांगितल्या गेल्या त्या खऱ्याच होत्या. मुलींच्या राहण्याची सोय दोनदा करावी लागेल, उद्योगांशी ठरलेल्या तारखा बदलतील, आणि सोयाबीन दोन आठवडे पुढे-मागे झाले तर सत्राचे वेळापत्रक त्यामागे कसे न्यायचे, या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. शेतकऱ्याकडेही ते नसते. तो रोज सकाळी रानात जाऊन दाणा दाताखाली चावून बघतो आणि मजूर सांगतो. सूचना अजून विचाराधीन आहे. तोवर माझ्या तुकडीतल्या प्रत्येकाने गावातून निघताना एक ठरावीक वाफा निवडायचा आणि पुढे दर आठवड्याला यजमानांना दूरध्वनी करून त्या वाफ्याची स्थिती लिहायची, असा नियम मी घातला आहे, आणि काढणीच्या सुमारास एका रविवारी ज्यांना यायचे असेल त्यांना घेऊन मी त्या गावी जाते. त्या रविवारला श्रेयांक नाहीत. गेल्या हंगामात बावीसपैकी सतरा जण आले.

यजमानांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. आमचे यजमान आणि त्यांचे घर यांनी चार महिने सहा मुलींना रोज ताजी भाकरी वाढली, विहिरीवर रात्री सोबत केली, आमच्यातल्या एकीला ताप आला तेव्हा काकूंनी रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या, आणि आमच्या प्रश्नावलीतल्या शंभरेक प्रश्नांना, त्यांतल्या कर्जाविषयीच्या प्रश्नांनाही, शांतपणे उत्तरे दिली. अखेरीस त्यांना एक शाल, श्रीफळ आणि महाविद्यालयाचे प्रमाणपत्र मिळाले. आमच्या गुणपत्रिकेवर कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही होती, विषयतज्ज्ञांची होती, प्राचार्यांची होती. काकांनी मला शिकवले त्याची नोंद करायला त्या कागदावर जागाच नव्हती. यजमानाचे मत मूल्यमापनात धरावे आणि त्याला त्याच्या वेळेचे मानधन मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जो शिकवतो त्याला शिक्षक म्हणून वागवले पाहिजे.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात काढणी झाली. पावसाच्या खंडाने उतारा घटला होता, एकरी तीन क्विंटलही आले नाही. मळणीयंत्र भाड्याचे होते आणि चालक पोत्यामागे पैसे घेत असे, त्यामुळे जितकी पोती लवकर, तितका त्याचा दिवस चांगला. यंत्र भरधाव सुटले होते. भुसकटाच्या धुरळ्यात ओढणी तोंडावर बांधून मी पोत्याच्या तोंडाशी उभी होते, ओंजळीत दाणे घेतले आणि त्यांत दुभंगलेले, साल उडालेले दाणे दिसले. वरून बरे दिसणारे काही नखाने दाबले, तर डाळ आतून हलत होती. जुलैमध्ये काकांनी गोणपाटावरून बाजूला काढलेले आठ दाणे मला तिथे आठवले. ते मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, याच किंवा अशाच यंत्राच्या ड्रममध्ये मोडलेले होते. बियाण्याच्या सोयाबीनची मळणी करताना ड्रमचे फेरे मिनिटाला तीनशे ते चारशेच्या आत ठेवावेत, हे वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केले होते, पण ते उगवणक्षमता चाचणीच्या धड्यात नव्हते, दुसऱ्याच विषयाच्या दुसऱ्याच पुस्तकात होते, आणि दोन्ही पुस्तके जोडणारी जागा हे खळे होते.

मी काकांना ओंजळ दाखवली. त्यांनी ती बराच वेळ निरखली. मग ते चालकाकडे गेले आणि काहीतरी बोलले. तो वैतागलेला दिसत होता, पोत्यामागे वर पैसे ठरले असावेत. शेवटची तीन पोती यंत्र इतके हळू चालले की आवाज बदलला आणि बैलांनी माना वर केल्या. काकूंनी ती तीन पोती डोक्यावरून आपटू न देता दोघा-दोघांना धरायला लावून आत नेली आणि फळीवर एकेक ठेवली, थप्पी लावली नाही.

पुढच्या जूनमध्ये माझी पदवी हातात आली होती आणि मी एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या खटपटीत होते. एका दुपारी काकांचा फोन आला. त्यांनी एकट्यानेच गोणपाट भिजवून शंभर दाणे मांडले होते.

"अठ्ठ्याहत्तर," ते म्हणाले. "मोड ऐंशींना आलाय. दोन मोडकी आहेत, ती मी धरली नाहीत."